संवादकौशल्याचा तास

बावीस वर्षं मी या कॉलेजात वेल्डिंग शिकवलं. मग प्राचार्यांच्या डोक्यात शिरलं, की आता कारखान्यांना रोबो चालवणारी पोरं हवीत. कारखान्यांना विचारायची तसदी मात्र कोणी घेतली नाही. वेल्डिंगची मशीनं भंगारात गेली, शेडमध्ये चकाचक लॅब आली आणि मला संवादकौशल्याचे तास दिले. बायको पोट धरून हसली. "जन्मभर तोंडापुढे मास्क धरून गप्प बसलात, आता तुम्ही पोरांना बोलायला शिकवणार?"

उद्घाटनाच्या सकाळीच रोबोच्या लोखंडी स्टँडचा एक पाय जोडातून निखळला. प्राचार्य धापा टाकत माझ्या वर्गात आले आणि मला हाताला धरून लॅबमध्ये घेऊन गेले. तिथे पाहुणे म्हणून आलेले कारखान्याचे मालक वाकून तो तुटका पाय बघत होते.

"मास्तर, एवढं वेल्डिंग मारा ना पटकन!" प्राचार्य म्हणाले.

"वेल्डर आहे तुमच्याकडे?" मालक ताडकन उठले. "मी दोन वर्षं शोधतोय!"

"होतो," मी म्हणालो. "आता संवादकौशल्य शिकवतो. म्हणत असाल, तर स्टँडशी बोलून बघतो."