मानेवरचा फिकट पट्टा

मी एक कॅमेरा, म्हसवडच्या हुसेनभाईंच्या स्टुडिओतला. माझा जन्म कुठं झाला ते माझ्या बुडाशी छापलं होतं. हातांच्या घामानं ती अक्षरं केव्हाच पुसली गेली. मला आठवतं ते लग्नांपासूनचं. सात-आठ वर्षं मी हळदी आणि वराती टिपल्या. माझ्यासमोर आलं की माणसं पोट आत घेतात, हे मी तेव्हा शिकलो.

लग्न उरकलं की हुसेनभाई कॉम्प्युटरवर फोटो 'साफ' करायचे. नवरीच्या गालावरचा डाग काढायचा, नवऱ्याचा रंग उजळायचा. गिऱ्हाईक खूश व्हायचं. त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही.

पुढं त्यांनी नवा कॅमेरा घेतला आणि मी कपाटात गेलो. भिंगाच्या कडेला बुरशी धरली. मला बाहेर काढलं त्यांच्या मुलीनं, रुक्सारनं. ती सांगलीला कॉलेजात होती. तिथल्या शिवांजली मॅडमनी तिला पक्ष्यांचं वेड लावलं होतं. तिनं एक जुनी लांब लेन्स मिळवली, मला जोडली आणि सुट्टीत गावाबाहेरच्या माळावर नेलं.

नवरी सांगितलं की थांबते. पक्षी थांबत नाही.

थंडीत या माळावर भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात. गवताला लागून, डुलत डुलत उडतात. त्यांच्या माद्या बहुतेक तपकिरी. लांबून कुठली कुठल्या जातीची, कळणं कठीण. त्यातल्या पांढुरक्या भोवत्याच्या मादीला मानेभोवती फिकट पट्टा असतो. तो दिसला तर जात सांगता येते.

जानेवारीत एका सकाळी अशी एक मादी लांबून गेली. रुक्सारनं भराभर अकरा फोटो काढले. त्यातल्या बऱ्यातल्या बऱ्या फोटोत ती हरभऱ्याएवढी आली. मानेपाशी काय होतं ते मला दिसलं नाही. दिसलं तेवढं मी ठेवलं.

शेजारी धुळातात्या मेंढरं घेऊन उभे होते. रुक्सारनं विचारलं, "तात्या, मानंला पट्टा दिसला का वो?"

"एवढ्या लांबनं? न्हाई बा. दिसला म्हनलो तर खोटं हुईल."

घरी फोटो बघून ती हिरमुसली. हुसेनभाई म्हणाले, "दे हिकडं. जरा उठाव देतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या हातात फोटो ठेवला. पक्षी ठळक, आणि मानेवर स्वच्छ फिकट पट्टा. कसा आला, हे तिनं विचारलं नाही. तिला तो हवाच होता.

तिनं पाठवलेला फोटो बघून मॅडमनी पांढुरका भोवत्या अशी नोंद केली. पेपरात चार ओळी आल्या. हुसेनभाईंनी ते कात्रण स्टुडिओच्या काचेवर चिकटवलं. पुढच्या वर्षी माळावरच्या पक्ष्यांच्या मोजणीचं काम रुक्सारकडं द्यायचं ठरलं.

आठ-दहा दिवसांनी माझं कार्ड रिकामं करताना तिनं मूळ फोटो उघडला. मोठा केला. पुन्हा मोठा केला. मग कॉम्प्युटर तसाच ठेवून बाहेर गेली.

"अब्बा, मानंला काय केलंत?"

"मान काळी दिसत हुती. उजळली."

"तिथं पट्टा दिसतच न्हाई. आनि त्याच्यावरनंच जात ठरवली मॅडमनी."

हुसेनभाई म्हणाले, "मला वाटलं, पाखरू हाय. त्याचं काय जातंय? आता सांगितलंस तर मोजनी जाईल की तुझी."

"जाईल."

"मग मी बोलतो. चूक माझी हाय."

"फोटो मी पाठवला अब्बा. न विचारता पाठवला. मीच बोलते."

तिनं फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या, "मूळ फोटो पाठव." संध्याकाळपर्यंत नोंद बदलली: भोवत्या, मादी, जात निश्चित नाही. मोजणी आटपाडीच्या एका मास्तरांकडं गेली.

हुसेनभाईंनी ब्लेडनं कात्रण खरवडलं. डिंकाचा डाग काचेवर राहिला. कुणी विचारलं की सांगायचे, "चुकलं हुतं."

पुढच्या थंडीत रुक्सार त्या मास्तरांच्या हाताखाली आकडे लिहायला गेली. एक दिवस हुसेनभाईही आले. बांधावर बसून त्यांनी मला डोळ्याला लावलं. लांब एक पाखरू चाललं होतं. ते दिसेनासं होईपर्यंत त्यांनी मला खाली ठेवलं नाही.

"कायबी कळंना गं," ते म्हणाले.

रुक्सारनं वही पुढं केली. "मग तसंच लिवा."

त्यांनी लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं.

आता माझं शटर थंडीत अडकतं. बुरशीनं अर्धं भिंग खाल्लंय. थोड्याच दिवसांत मी बंद पडेन, त्याचं मला काही वाटत नाही. माझं मागणं एवढंच, की मला भंगारात द्यायच्या आधी कार्ड काढून घ्या. त्यात जे धूसर आलंय, ते धूसरच राहू द्या.