मासानचं जुनेर

मासानला पुरून सोळा दिवस झाले, तेव्हा तिची नणंद दोपे हिनं तिची कापडांची पेटी अंगणात आणून उघडली. बायका चटईवर बसल्या होत्या. मासानची सवत आक्पेने भिंतीला टेकून जरा बाजूला बसली. तिला सातवा महिना होता; ही पहिलीच खेप.

नवऱ्यानं, फोलीनं, आक्पेनेला घरात आणल्यापासून अकरा वर्षं दोघी सवती एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. बोलायचं ते कापडातून. आक्पेने आली त्याच आठवड्यात मासान दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांच्या छापाचं कापड नेसून खाडीपर्यंत मिरवून आली. आनेहो गावच्या बाजारात प्रत्येक छापाला नाव असे; ह्याला ‘आयतखाऊ’ म्हणत. पुढच्याच रविवारी आक्पेने घागरींच्या छापात चर्चला गेली. त्याचं नाव ‘जळतेस तर पाणी पी’. फोली दोन्ही कापडांचं कौतुक करायचा. त्याला काही कळत नसे, किंवा कळून तो गप्प बसे.

दोपेनं सहा-सहा वारांच्या कोऱ्या घड्या लेकींना, सुनेला, भाचीला दिल्या. तळाशी एक विटका तुकडा होता. निळा रंग राखाडी झालेला, कडेला दोन ठिगळं.

“हे धाकटीला,” ती म्हणाली. कोणीतरी फिसकन हसलं.

“सगळ्यांना कोरं, आणि मला जुनेर?” आक्पेने उसळली. “मेल्यावरसुद्धा बाईनं डाव साधला!”

“माझ्यावर नको डाफरूस. तिनं सांगितलं, मी दिलं.”

“सांगताना काय म्हणाली?”

“‘हे धाकटीला.’ एवढंच. मग पाणी मागितलं.”

मेलेल्या माणसानं दिलेलं टाकता येत नाही. आक्पेनेनं ते चुलीपाशी नेऊन ठेवलं. कधी त्याची चुंबळ केली, कधी त्यानं माशांची टोपली झाकली, कधी तापलेलं भांडं उतरवलं.

मुलगी झाली. तिसऱ्या आठवड्यात आक्पेने धुरावलेले मासे घेऊन बाजाराला निघाली. फोलीनं बाळासाठी नवंकोरं कापड आणलं होतं, खळीनं कडक. तिनं पोर पाठीला बांधली. फाटकापर्यंत जायच्या आत पोर कमरेखाली घसरली. पुन्हा बांधली, पुन्हा तेच.

मासानची लेक आयोको ओट्यावरून बघत होती. ती उठली आणि दोरीवरून जुनेर काढून घेऊन आली.

“वाका, धाकट्या आई.”

“हे? माशांचा वास मारतोय त्याला.”

“धुतलंय मी. वाका.”

तिनं पोर पाठीवर ठेवून कापड ओढून घेतलं, छातीवर टोकं खोचली. मऊ कापड अंगाला चिकटून बसलं. पोर हलली नाही.

“आम्ही चौघंही ह्यातच वाढलो,” आयोको म्हणाली. “कोरं कापड पोर धरत नाही, असं आई सगळ्यांना सांगायची.”

“मला नाही सांगितलं कधी.”

“तुमच्याशी बोलत कुठं होती ती?”

बाजारात टोपली उतरवते न उतरवते तोच शेजारची मिरचीवाली ओरडली, “अगं बया! हे तर मासानचं! सवतीचं पाठीला बांधून हिंडतेस, लाज नाही वाटत?”

“तिनंच दिलंय,” आक्पेने म्हणाली. छातीवरची टोकं घट्ट करत म्हणाली, “मासानताईनं.”

मिरचीवालीनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि बसायला पाट सरकवला. दुपारपर्यंत मासे संपले. पोर तोवर एकदाच उठली, दूध प्यायली आणि पुन्हा झोपली.