मढ्याचा पाला

वोनोगिरीकडच्या त्या गावात तुमिनाह म्हातारीने तीस वर्षं बायांची मढी धुतली. कुणाच्या घरी बाई गेली की पहिला निरोप हिला. मग परसातल्या शेवग्याच्या डहाळ्या मोडून ती निघायची आणि त्या पाल्याने पाणी शिंपडत मेलेलीला आंघोळ घालायची. अंगात काही जादूटोणा राहिला असेल तर शेवग्याने उतरतो, असं तिकडे लहानथोर मानतात. त्यामुळे झाड दारात असलं तरी तो पाला ताटात घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही.

आणि सून मिळाली कुठली, तर पालूची. समुद्रापलीकडच्या त्या गावात शेवग्याच्या पाल्यावाचून जेवण होत नाही. लग्न होऊन आली त्या दिवशी परसातलं झाड बघून नूरहायाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पाला कशासाठी असतो ते इबूने, म्हणजे सासूने, सांगितलं, तेव्हापासून तीन वर्षं तिने त्या झाडाचं नाव काढलं नाही.

पुढेही काढलं नसतं, पण तिच्या दीड वर्षाच्या लेकाचं, गालिहचं, वजन वाढेना. गावात दर महिन्याला पोरांची वजनं होतात. आरोग्याचं काम बघणारी एन्दांग त्याला काट्याच्या झोळीत बसवायची आणि कार्डावर टिंब काढायची. दोन महिने टिंब लाल पट्ट्यात पडत होतं. "नूर, याच्या पोटात हिरवं काहीतरी जाऊ दे गं," ती म्हणायची. आता सांगणं सोपं. हा गडी माठ थुंकायचा, पालक थुंकायचा आणि पाकिटातल्या नूडल्ससाठी भोकाड पसरायचा. आजोळी गेला होता तेव्हा मात्र याच पोराने शेवग्याच्या पाल्याची वाटी चाटूनपुसून खाल्ली होती. ते आठवून नूरचा जीव तीळतीळ तुटायचा.

एका दुपारी सासू मढं धुवायला गेली आणि नूरने मनाचा हिय्या केला. पाला खुडला, नारळाच्या दुधात कच्चं केळं आणि मूठभर जवळा घालून शिजवला. गालिहने चौथ्या घासाला आ केला आणि सासू दारात उभी.

"काय भरवतेस?"

नूरने वाटी खाली ठेवली. "शेवगा, इबू."

"याच पाल्याने कार्सीला आत्ता आंघोळ घालून आले मी. अजून हाताचा वास गेला नाही. आणि तू माझ्या नातवाला तो चारतेस?"

"मला काय बोलायचं ते बोला, घरातून काढा. पण आधी याला जेवू द्या."

गालिहला या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने वाटी ओढून घेतली आणि हाताने खायला लागला. म्हातारी बघत राहिली. मग जमिनीवर बसली आणि म्हणाली, "ते कार्ड आण." तिला वाचता येत नव्हतं, पण लाल रंग ओळखायला शाळा लागत नाही. एकेका टिंबावरून तिने बोट फिरवलं.

"महिनाभर घाल. वजनाच्या दिवशी बघू," एवढंच बोलली.

गावभर बोभाटा व्हायला दोन दिवस पुरले. वजनाच्या दिवशी बायांनी आपापली पोरं गालिहपासून लांब ओढली. "मढ्याचा पाला चारतात बाई," कुणीतरी नूरला ऐकू जाईल असं बोललंच. गालिह झोळीत बसला. चारशे ग्रॅम वाढला होता. टिंब लाल पट्ट्याच्या वर गेलं.

"काय घातलंस गं याला?" एन्दांगने विचारलं.

नूरने सासूकडे पाहिलं. सगळ्या गावासमोर सासू कानावर हात ठेवते की काय, याच भीतीने ती महिनाभर झोपली नव्हती. म्हातारी उठली. घरून आणलेल्या पातेल्यावरचं झाकण काढलं, पाला भाताबरोबर कालवला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाल्ला.

"याच हाताने तुमच्या आयांना शेवटची आंघोळ घातलीय. माझ्याइतका हा पाला कुणी हाताळलाय का इथे? मी खाते. आणा पोरं."

कुणी जागचं हललं नाही. तेव्हा म्हातारी हसली. "बरोबर आहे. जिच्या गालात सोन्याची सुई असेल तिने खाऊच नये. उगाच रूप उतरायचं."

नवऱ्याने भुलावं म्हणून मांत्रिकाकडून गालात सुया टोचून घेणाऱ्या बाया असतात, आणि शेवगा पोटात गेला की ती जादू संपते, हे तिथे पोरींनाही ठाऊक. आता नको म्हणायची सोय उरली नाही. बघता बघता पातेल्यापुढे रांग लागली. सगळ्यात नटवी होती ती तर दोनदा घेऊन गेली, तेही सगळ्यांना दिसेल असं. पोरांनीही आयांच्या ताटात हात घातले. नूरला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. अशी सासू शोधून सापडायची नाही, असं तिच्या मनात आलं.

संध्याकाळी दोघी परसात उभ्या होत्या. झाड अर्धं बोडकं झालं होतं.

"गावातली पोरं खायला लागली तर पुरायचं नाही हे," म्हातारी म्हणाली.

"दुसरी फांदी लावते, इबू."

"लाव. ती मोठी व्हायच्या आत मी गेले, तर मला नुसत्या पाण्याने आंघोळ घाल. पाला मोडू नकोस माझ्यासाठी, पोरांना लागेल."