वजनाने टिकणारे छप्पर

टोर्नेडोच्या पोटात उभे राहून त्याचा वेग मोजायला कोणी थांबत नाही. म्हणून आम्ही अभ्यासक मागाहून जातो आणि मोडतोड पाहून वाऱ्याला शून्य ते पाच असा दर्जा देतो. या वेळी मोडतोड माझ्या ताईच्या घराची होती. छप्पर शेजाऱ्यांच्या अंगणात उताणे पडले होते, आणि ज्यांनी ते स्वहस्ते बांधले, ते दाजी त्याच्या कडेला उभे राहून व्याख्यान देत होते.

"गरम ढग आणि थंड ढग यांची टक्कर झाली की हे असं होतं. पाचच्या खाली येऊ नका, प्रोफेसर."

ढगांची टक्कर होत नसते. जमिनीलगतचा वारा संथ आणि वरचा वेगवान, वेगळ्या दिशेचा असला, की मधली हवा लाटण्यासारखी आडवी फिरू लागते; वर चढणारा उबदार, दमट झोत तिला उभी करतो; घेर आवळत जातो तसा वेग वाढतो. हे मी दाजींना त्यांच्या लग्नापासून सांगत आलो आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यांची घाई मला कळत होती. नवे छप्पर कोणी घालायचे, हे ताईने माझ्या निकालावर सोडले होते. पाच म्हणजे दोष दैवाचा. एक म्हणजे दाजींचा.

मी भिंतीवर चढलो. वाशांना भिंतीशी जखडणारी पट्टी नाही, बोल्ट नाही. डब्यावर झाकण ठेवावे तसे छप्पर नुसते ठेवलेले.

"दाजी, हे कशानं धरून ठेवलं होतं?"

"वजनानं. जड वस्तू उडत नाही. शास्त्रच आहे ते."

अंगणाच्या कोपऱ्यात ताईने बांधलेले खुराडे मात्र जागच्या जागी होते. चारही कोपरे तारेने खुंट्यांना आवळलेले. आत कोंबडी अंडी उबवत बसली होती, एखाद्या निवृत्त न्यायाधीशासारखी.

"तिकडून वारा गेलाच नाही," दाजी म्हणाले.

"अहो, दोरीवरचा तुमचा शर्ट खुराड्याच्या जाळीत अडकलाय," ताई म्हणाली. "तो काय चालत गेला?"

"एक," मी निकाल दिला.

"घरच्या माणसाला दोन तरी द्या."

"एकातही निम्मा वाटा तुमचाच आहे, दाजी."

ताईने दाजींपुढे हात केला. "पक्कड द्या इकडे. नवं छप्पर मी घालते."

"आणि मी काय करू?"

"जड वस्तू हलत नाही म्हणता ना? मग शिडीच्या खालच्या पायरीवर बसा."