आपल्याच गावात मागचं दार

"डॉक्टरांना आज अजिबात उसंत नाही हो. मागच्या गल्लीत बाकडं आहे, तिथं बसा. मी हाक मारते."

हे वाक्य एलोइसा बोहोर्केस इतक्या गोड आवाजात म्हणायची, की ऐकणारा माणूस उलट तिचेच आभार मानून गल्लीत जाऊन बसायचा.

मेक्सिको देशातल्या मेक्सिकाली गावात, सरहद्दीच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर डॉक्टर सेसेन्यांचा दातांचा दवाखाना होता. पुढचं दार काचेचं. आत पाऊल टाकलं की गार हवा, मऊ खुर्च्या, लिंबाच्या चकत्या घातलेलं थंड पाणी आणि भिंतीवर इंग्रजी पाट्या. हा सगळा थाट पलीकडून येणाऱ्यांसाठी. पलीकडे, कुंपणाच्या त्या बाजूला, अमेरिकेत, कवळी करून घ्यायची तर माणसाची उभ्या जन्माची बचत उडते. म्हणून तिथले म्हातारेकोतारे गाड्या भरभरून इकडे येतात आणि नवे दात लावून हसत परत जातात. दवाखान्याला मागचंही दार होतं. ते गल्लीत उघडायचं. तिथं तापलेल्या पत्र्याखाली एक बाकडं, शेजारी कचऱ्याचे पिंप आणि बाकड्यावर गालाला हात लावून बसलेली आपली गावची माणसं.

गावकऱ्यांनी पुढच्या दारानं यायचं नाही, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच काय? एलोइसा होती ना!

एलोइसा मनानं दुष्ट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नवरा सोडून गेलेला, पदरात एक मुलगी, घरी म्हातारी आई. कपाशीच्या पट्ट्यातल्या गरीब वस्तीत वाढलेली ही पोरगी टीव्ही बघून बघून इंग्रजी शिकली आणि काचेच्या दारामागच्या टेबलावर पोचली. त्या टेबलाचा तिला अभिमान होता. डॉक्टर म्हणायचे, "एलोइसा, पलीकडचा माणूस म्हणजे आपली भाकरी. त्याला ताटकळत ठेवायचं नाही. आपले लोक काय, थांबतात. त्यांना सवय असते." एलोइसालाही ते पटलं होतं. रोज कानावर पडणारी गोष्ट माणसाला केव्हा पटून जाते, ते त्याचं त्यालाही कळत नाही.

जुलै महिना होता. आमच्या मेक्सिकालीचा जुलै म्हणजे डांबर बुटाला चिकटतं आणि कुत्री नळाखालची जागा सोडत नाहीत. अशा दुपारी काचेचं दार ढकलून एक ताठ कण्याच्या म्हाताऱ्या बाई आत आल्या. त्यांच्या मागोमाग एक चाळिशीचा माणूस. त्याचा उजवा जबडा इतका सुजला होता की चेहरा ओळखू येऊ नये.

"तू एलोइसा ना गं? मागच्या बाकावर बसून पेरू खायचीस ती?"

एलोइसा दचकली. शाळेत इतिहास शिकवणाऱ्या ओब्दुलियाबाई! "बाई! किती वर्षांनी! तुम्ही तश्शाच आहात अगदी."

"खोटं बोलायला मात्र छान शिकलीस," बाई हसल्या. "हा माझा भाचा, लिब्रादो. घरोघरी थंड हवेची यंत्रं दुरुस्त करतो. दाढ पिकलीय त्याची. कालपासून घास गिळता येत नाही. डॉक्टरांना म्हणावं, जरा बघा."

"बघतील ना! तुमच्यासाठी काहीही, बाई. पहिला नंबर लावते याचा." आणि पुढचे शब्द तिच्या तोंडून सवयीनंच निघाले, "तोवर मागच्या गल्लीत बसा. बाकडं आहे तिथं."

बाईंनी एकदा रिकाम्या मऊ खुर्च्यांकडे पाहिलं, एकदा एलोइसाकडे. भाच्याचा दंड धरून त्या बाहेर पडल्या.

लिब्रादोला आत घ्यायची वेळ आली, तेवढ्यात पलीकडचं एक जोडपं आलं. वेळ ठरवलेली नव्हती. नातीचं लग्न होतं, फोटोसाठी दात पांढरेशुभ्र करून हवे होते. डॉक्टरांनी दारातून डोकं बाहेर काढलं. "यांना आधी घे."

"डॉक्टर, गल्लीतल्या त्या माणसाचा जबडा फारच..."

"एलोइसा! दवाखाना आहे हा, धर्मशाळा नव्हे."

एलोइसानं जोडप्याला आत पाठवलं. मग आणखी एक जण आला. तोही आत गेला. मध्येच ओब्दुलियाबाई मागच्या दारातून डोकावल्या. घामानं त्यांचे केस कपाळाला चिकटले होते. "पोरी, त्याला आता तोंडही उघडता येत नाहीये."

"आलंच बाई, जरा दम धरा," एलोइसा म्हणाली आणि फोनवर पलीकडच्या कुणाला तरी रस्ता समजावू लागली.

थोड्या वेळानं गल्लीतून धप्प असा आवाज आला. पाठोपाठ बायकांचा गलका.

एलोइसा धावली. लिब्रादो बाकड्यावरून खाली कोसळला होता. सूज गळ्यापर्यंत उतरली होती आणि श्वासाबरोबर घशातून शिट्टीसारखा आवाज निघत होता. जमीन इतकी तापली होती की त्याला उचलणाऱ्यांचे गुडघे पोळले. आणि वाचकहो, दवाखाना गार ठेवणारं छतावरचं अवजड यंत्र याच माणसानं मे महिन्यात शिडी लावून दुरुस्त केलं होतं! त्या गार हवेत त्याला घटकाभर बसू दिलं नाही. आपल्याच गावात, आपल्याच माणसानं.

सरकारी इस्पितळात त्याच्या गळ्याला चीर देऊन पू काढावा लागला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "आणखी उशीर झाला असता तर श्वास कोंडून गेला असता हा माणूस."

संध्याकाळी काम सुटल्यावर एलोइसा इस्पितळात गेली. हातात संत्र्यांची पिशवी होती आणि ओठांवर सारवासारव तयार होती. ओब्दुलियाबाई व्हरांड्यात बसल्या होत्या.

"बाई, मला फार वाईट वाटलं. पण नियम डॉक्टरांचा. मी पडले पगारी माणूस. माझ्या हातात काय असतं?"

"दार असतं," बाई म्हणाल्या.

एलोइसानं संत्र्यांची पिशवी बाईंच्या शेजारी ठेवली.

"बस इथं. वर्गात माझं ऐकायची नाहीस, आज ऐक. माझे वडील तरुण होते तेव्हा या खोऱ्यातली जवळजवळ सगळी जमीन परदेशी कंपनीची होती. मालक लॉस एंजेलिसला. आपल्या मातीत आपली माणसं कापूस वेचायची आणि कालव्यातलं गढूळ पाणी प्यायची. जमीन कसायला द्या म्हणायला गेलं की कचेरीतला कारकून सांगायचा, मागच्या बाजूला थांबा. आणि तो कारकून कुणी गोरा नव्हता हं! आपल्यातलाच होता. मग पलीकडे दारूबंदी आली. इथं रस्त्याला लागून दारूचे गुत्ते निघाले, पलीकडचे शौकीन झुंडीनं आले. आपली माणसं त्या गुत्त्यांत गेली ती फरशी पुसायला. पुढं कारखाने आले. आपल्या पोरी उभ्या राहून पलीकडच्यांसाठी यंत्रं जोडतात आणि लघवीला जायचं तर परवानगी मागतात. आता दात! दर वेळी धंदा नवा, दर वेळी पैसा आला, गाव वाढलं. आणि दर वेळी आपल्याच माणसांना कुणीतरी मागचं दार दाखवायला उभं राहिलं. या खेपेला ती तू आहेस, एलोइसा!"

एलोइसाची कानशिलं तापली. "मग काय पलीकडच्या लोकांना हाकलून द्यायचं, बाई? ते आले नाहीत तर हे गाव खाणार काय? माझी मुलगी खाणार काय?"

"हाकलायला कोण सांगतंय? त्या म्हाताऱ्यांचा काय दोष? त्यांना त्यांच्या देशात दात परवडत नाहीत, म्हणून बिचारे उन्हातान्हात इथवर येतात. येऊ देत. चांगले दात करून द्या त्यांना. पण मला एक सांग, गावच्या माणसाला गल्लीत बसवा असं त्यांच्यापैकी कुणी म्हणालं तुला? एकानं तरी?"

एलोइसानं आठवून पाहिलं. एकानंही म्हटलं नव्हतं.

"म्हणजे हा अपमान कुंपणापलीकडून आलेला नाही. आपण इथंच शिजवला आणि आपल्याच माणसांना वाढला. याचा राग येत नाही तुला? मला तर या वयातही येतोय!" बाईंनी संत्र्यांची पिशवी बाजूला सारली. "माझे वडील आणि त्यांचे सोबती एकोणीसशे सदतीसच्या जानेवारीत त्या जमिनींवर जाऊन उभे राहिले. बायकापोरांसकट. हलणार नाही म्हणाले. पुढं सरकारला त्या जमिनी वाटाव्या लागल्या. आम्ही काही जमीन मागत नाही, पोरी. खुर्ची मागतोय. सोमवारी येतो आम्ही."

सोमवारी दवाखाना उघडायच्या वेळेला काचेच्या दाराबाहेर माणसं उभी होती. निवृत्त शिक्षिका होत्या, लिब्रादोच्या वस्तीतल्या बायका होत्या, रात्रपाळी संपवून आलेल्या कारखान्यातल्या दोन पोरी होत्या. कुणी घोषणा दिल्या नाहीत. ओब्दुलियाबाईंनी दार ढकललं, आणि सगळे आत येऊन मऊ खुर्च्यांवर शांतपणे बसले. प्रत्येकाच्या तोंडात काही ना काही दुखत होतंच. तसं दुखणं आमच्या गावात शोधावं लागत नाही.

पलीकडून आलेले चार-पाच जण बावरून भिंतीशी उभे राहिले. डॉक्टर सेसेन्या आतून आले आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"हा काय तमाशा आहे? एलोइसा, यांना मागं पाठव!"

एलोइसा जागची हलली नाही.

"ऐकू येत नाही? पोलिसांना फोन लाव. आत्ताच्या आत्ता!"

तिनं फोन उचलला. डोळ्यांपुढं मुलीची शाळा आली, आईची औषधं आली. समोर बाई बसल्या होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या लिंबाचं पाणी पीत होत्या, आणि त्या दवाखान्यात गावचं माणूस ते पाणी पिताना एलोइसा पहिल्यांदाच बघत होती.

तिनं फोन खाली ठेवला.

"नाही लावत, डॉक्टर! पोलिसांना सांगू काय? की गावातली माणसं गावातल्या दवाखान्यात खुर्चीवर बसलीत? हा गुन्हा आहे? लिब्रादो मरता मरता वाचला. तुम्ही त्याला पाहिलंही नाहीत, कारण मी त्याला तुमच्या नजरेआड बसवलं होतं. आता कुणालाच नाही बसवणार. रांग एकच. जो आधी आला तो आधी. ज्याला जास्त दुखतंय तो सगळ्यांच्या आधी!"

"तुला नोकरी नकोय का?"

"हवीय. फार हवीय. पण हे काम नकोय."

आतल्या खोलीतून डॉक्टरांच्या मदतनीस पोरी बाहेर आल्या होत्या. त्यातली थोरली, ब्रीखिदा, हातमोजे काढत म्हणाली, "ती गेली तर आम्हीपण चाललो, डॉक्टर. माझी आई त्याच गल्लीत बसलीय दोनदा. मी आत असताना."

भिंतीशी उभ्या असलेल्या एका उंच म्हाताऱ्यानं एलोइसाला विचारलं, काय चाललंय? तिनं त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं. काहीही न लपवता. म्हातारा पलीकडचा, निवृत्त ट्रकवाला, खालच्या कवळीसाठी आलेला. तो ऐकत राहिला, मग मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला, "मला वाटायचं, ते मागचं दार कामगारांचं आहे." आणि ओब्दुलियाबाईंच्या मागं, रांगेत आपला नंबर लावून उभा राहिला. पलीकडची एक बाई मात्र पर्स उचलून तणतणत निघून गेली. बाकी कुणीच गेलं नाही.

डॉक्टर सेसेन्यांनी बाह्या वर सारल्या. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "पहिलं कोण?"

कारखान्यातली एक पोरगी उठली. गाल धरून आत गेली.

डॉक्टर त्या दिवशी देवमाणूस झाले असं मी म्हणणार नाही. पुढं कित्येक दिवस ते एलोइसाशी कामापुरतंच बोलत होते. पण एका दुपारी ते वाट वाकडी करून लिब्रादोच्या घरी गेले, त्याच्या गळ्यावरची जखम स्वतः तपासली आणि उरलेली किडकी दाढ कधी काढायची ते ठरवून आले. परत आल्यावर एलोइसाच्या टेबलापाशी घुटमळले. "मला वाटलं होतं पलीकडचे यायचे बंद होतील," ते म्हणाले. "त्या एका बाईशिवाय एकही बंद झाला नाही. मग मी इतकी वर्षं कुणाला घाबरत होतो गं?"

तोच प्रश्न एलोइसाही स्वतःला विचारत होती.

माझ्या बंधुभगिनींनो, पाहुणा आला तर त्याला सावली द्या, गार पाणी द्या, त्याचा मान राखा. त्याच्या पैशावर तुमची चूल पेटत असेल तर त्यात लाज काही नाही. पण त्याच्यासाठी घरच्या माणसाला उन्हात बसवू नका! ते करायला कोणताही परका सांगायला येत नाही. ते आपणच करतो, गोड आवाजात, नियमाचं नाव पुढं करून. तुमच्या गावात अशी दारं कुठं कुठं आहेत ते जरा बघून या. आणि त्या दारापाशी उभं राहून बोट दाखवायचं काम तुमच्याकडे असेल, तर आज ते बोट खाली घ्या.