बेचाळिसावी हरकत

कोसमघाट नगरपंचायतीकडे कचरा डेपोच्या जागेबद्दल बेचाळीस हरकती आल्या. त्यांतल्या एकेचाळीस ज्यांच्या नावाने होत्या ती माणसे शंभर वर्षांपूर्वीच मेलेली होती. बेचाळिसाव्या हरकतीपुढे वरिष्ठ लिपिक नंदलालने स्वतःच्या हाताने आपल्या बायकोचे नाव लिहिले. ते नाव दारात उभे राहून कोणी तीनदा पुकारू नये, म्हणून पुढचे नऊ महिने तो झटत राहिला.

प्रकरण तसे साधे होते. गावचा कचरा टाकायला जागा हवी होती आणि हद्दीत हिरडटुकुम होते. महसुलाच्या भाषेत ते रिठी गाव. म्हणजे नकाशावर नाव आहे, शीव आहे, पण वस्ती नाही. शंभर वर्षांपूर्वी हैजाने, म्हणजे पटकीने, ते एका पंधरवड्यात रिकामे केले. आता तिथे घरांचे चौथरे, दोन चिंचा आणि एक बांधीव विहीर एवढेच उरले आहे. विहीर मलब्याने बुजवायची आणि तिच्यावरून डेपो करायचा, असा ठराव झाला. वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली. हरकतींना तीस दिवसांची मुदत होती. तिसाव्या दिवशी, ऑगस्टअखेर, कचेरी बंद होताना श्रावण शिपायाने तक्रार पेटी उघडली, तर आत तणसाच्या दोरीने बांधलेला गठ्ठा.

सगळ्या अर्जांवर एकच मजकूर होता. ‘आमच्या गावची घरे बेचाळीस. पाण्याची विहीर एक. ती बुजवू नये. आम्हाला बोलावून ऐकावे.’ खाली नाव आणि अंगठा.

सर्वांनी भय्याजींकडे पाहिले. भय्याजी विरोधी गटाचे, आणि डेपोच्या विरोधात बोलणारे ते एकटेच.

“काहून भय्याजी, माणसं कमी पडले का तुमाले, मेलेले उठवून आणले?” नगराध्यक्ष ललिताबाईंनी भर सभेत विचारले.

“बाई, जिते मतदार मले मत देत नाई,” भय्याजी म्हणाले, “मेलेले कायले माह्यासाठी अंगठे मारतीन?”

सभा हसली. नंदलाल हसला नाही. तो तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन आला होता. हैजाच्या साली हिरडटुकुमात मेलेल्यांच्या यादीत एकेचाळीस घरांचे कर्ते ज्या क्रमाने होते, त्याच क्रमाने अर्ज लागले होते. ती यादी त्याच्याआधी कोणी पाहिल्याची नोंद तिथल्या वहीत नव्हती.

मुख्याधिकारी तरुण होते, नोकरीला दोन वर्षे झालेले. त्यांनी यादी बाजूला सारली. “हरकत आली की सुनावणी. अर्जदार मयत असेल तर वारसाला संधी. वारस नसेल तर तसं लिहा. तीनदा पुकारा, गैरहजर लिहा, निकाली काढा.”

नंदलालने तक्ता आखला. एकेचाळीस ओळींत ‘वारस नाही’ लिहून झाले. बेचाळिसावा अर्ज सगुणा नावाच्या मुलीचा होता. वय नऊ. तहसीलच्या मयतांत ती नव्हती, आणि तिच्या अर्जावर अंगठ्याची जागा कोरी होती. बिनसहीचा अर्ज दप्तरी फाइल करता येतो. दुसऱ्या कोणत्याही लिपिकाने तेच केले असते. पण नंदलालच्या तक्त्यात एकतीस वर्षांत एकही रकाना रिकामा राहिला नव्हता, आणि हा रकाना भरायला लागणारी माहिती त्याला होती. सगुणा ही त्याच्या बायकोच्या आजीची आई. हिरडटुकुमातून एकटी चालत दिघोरीच्या बाजारात आलेली, आणि तिथे एका कोष्ट्याच्या घरी वाढलेली. लग्नात ही गोष्ट त्याने तीन वेळा ऐकली होती. त्याने लिहिले: ‘वारस – श्रीमती रुखमिणी नंदलाल हेडाऊ.’ बेचाळीस पूर्ण झाले. त्याला बरे वाटले.

नोटीस श्रावणने घरी नेऊन दिली. संध्याकाळी नंदलाल जेवायला बसला तेव्हा ती रुखमिणीच्या हातात होती.

“हे काय जी? माहं नाव कायले घातलं याच्यात?”

“तू वारस आहेस ना. नाई आली तरी चालते.”

“नाव पुकारतीन?”

“तीनदा. नियमच आहे तसा.”

तिने वरणाचा डाव खाली ठेवला. “आमच्या माहेरी दारातून हाक आली तं ओ नाई देत कोणी. उठून पाहाले जातो, पण ओ देत नाई. आजी म्हणे, सगुणामायले तिचं गाव अजून बोलावून राहिलं. घरातल्या कोणी बी ओ देल्ली, तं तिच्या जागी तिले न्याले येतीन.”

“काही बी बोलतेस, दामिनीची माय,” नंदलाल हसत म्हणाला आणि भातात कालवू लागला. मग त्याच्या लक्षात आले की बत्तीस वर्षांत त्याने तिची ओ कधी ऐकलीच नव्हती. हाक मारली की ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहायची. आणि तिला नावाने हाक मारणारेही या घरात कोणी नव्हते. तो म्हणायचा दामिनीची माय, शेजारी म्हणायचे काकू.

सुनावणी सप्टेंबरात, सकाळी अकरा वाजता, सभागृहात झाली. पंचेचाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. मुख्याधिकारी, ललिताबाई, भय्याजी आणि नंदलाल बसले. कोपऱ्यात वीस लिटरचा पाण्याचा जार, वर कागदी पेल्यांची चळत. श्रावण दारात उभा राहिला आणि त्याने पहिले नाव घेतले.

“पैकू वल्द महागू, हाजीर आहे काय?”

तीनदा. नंदलालने लिहिले: गैरहजर.

दहाव्या नावानंतर श्रावणचा आवाज उतरला. विसाव्या नावापर्यंत मुख्याधिकाऱ्यांनी मोबाइल पालथा ठेवला होता. दिसत काहीच नव्हते. पण पंखा पूर्ण वेगात असून गर्दीत होते तसे उकडत होते. एकदा भय्याजींनी मागे न पाहता खुर्ची पुढे ओढली. पाठीमागून कोणी जात असले की वाट द्यायला ओढावी तशी. मग त्यांनी स्वतःच आपल्या खुर्चीकडे पाहिले.

एकेचाळीस नावे झाली. नंदलाल पाणी प्यायला उठला. जार रिकामा होता.

“श्रावण, जार नाई बदलला?”

“साडेदहाले बदलला जी. माह्याच हातानं.”

पेल्यांची चळत जशीच्या तशी होती, वरचे प्लास्टिकही फाडलेले नव्हते. नंदलाल जागेवर आला. समोरच्या तक्त्यात त्याने लिहिलेले एकेचाळीस ‘गैरहजर’ होते. त्यांच्या शेजारच्या रकान्यात एकेचाळीस अंगठे होते. शाई ओली होती. टेबलावरचा स्टॅम्प पॅड मागच्या उन्हाळ्यापासून वाळलेला, आणि त्याचे झाकणही बंद होते.

“बेचाळीस पुकार,” मुख्याधिकारी म्हणाले.

श्रावणने तोंड उघडले. नंदलाल उभा राहिला. “साहेब, अर्जदार आजारी आहे. पुढची तारीख मिळावी.”

नोकरीतले त्याचे हे पहिले खोटे. मुख्याधिकाऱ्यांनी मान हलवली. नंदलालने तक्ता कोणाला न दाखवता फाइलमध्ये घातला आणि फाइल खालच्या खणात कुलपात ठेवली. श्रावण त्याच्याकडे पाहत होता. रिकामा जार उचलून तो बाहेर गेला.

त्यानंतर दर महिन्याला तारीख पडली आणि दर महिन्याला नंदलालने ती पुढे ढकलली. अर्जदार आजारी, अर्जदार बाहेरगावी, नोटीस बजावली गेली नाही. एका हरकतीसाठी डेपो अडला. कचरा तलावाच्या पाळीवर पडू लागला, डुकरे आली, आणि सर्वसाधारण सभेत त्याची थट्टा सुरू झाली.

“नंदलालजी, साऱ्या गावची घाण तुमच्या घरधनिणीनं अडवून ठेवली,” एकदा ललिताबाई म्हणाल्या. “आमाले साडी-चोळी घेऊन भेटाले याव लागते का तिले?”

“तसं नाई बाई.”

“मंग हरकत मागं घ्याले लावा ना!”

तेही त्याने विचारून पाहिले होते. हरकत मागे घ्यायची तर अर्जदाराने सुनावणीला यावे, नाव पुकारल्यावर हजर म्हणावे आणि तसे लिहून द्यावे, असे मुख्याधिकाऱ्यांनी सांगितले. नियम बरोबर होता. नंदलालने दुसऱ्यांना तो शेकडो वेळा सांगितला होता.

मेच्या सभेत विषय क्रमांक सात आला. हिरडटुकुम जागेबाबतची शिल्लक हरकत पाच जूनला अंतिम सुनावणी घेऊन निकाली काढणे. ठराव मांडला भय्याजींनी. सप्टेंबरनंतर त्यांनी डेपोविरुद्ध एकदाही तोंड उघडले नव्हते.

“तुमी, भय्याजी?” नंदलालने सभा संपल्यावर त्यांना जिन्यात गाठले.

भय्याजी इकडेतिकडे पाहत म्हणाले, “नंदलाल, त्या दिवसापासून माह्या मागं कोणीतरी उभं हाय असं वाटते बावा. जेवताना, झोपताना. थांबून राहिले ते. काय पाहिजे ते देऊन टाका ना एकदाचं त्याईले.”

त्या सभेचे इतिवृत्त नंदलालनेच लिहिले. ठराव सर्वानुमते मंजूर. अक्षर नेहमीसारखे होते.

तीस तारखेला त्याने तक्ता फाडण्यासाठी खण उघडला. मग हातात धरून पाहत बसला आणि परत ठेवला. एकतीसला तो निवृत्त झाला. शाल झाली, श्रीफळ झाले. चार्ज घ्यायला निकेश होता. सव्वीस वर्षांचा, हुशार, प्रलंबित प्रकरणांची यादी शून्यावर आणीन असे साहेबांना सांगून बसलेला. त्याने तक्ता उलगडून पाहिला.

“काकाजी, अंगठे तं सगळ्यायचे आहेत. मंग गैरहजर कायले लिवलं?”

“ते राहू दे. तू एक काम कर माहं. शेवटचं नाव पुकारू नको. मनातल्या मनात वाच आणि गैरहजर लिही.”

निकेश हसला. “काकूले एवढे काहून भेता जी? पुकारणं तं श्रावणभाऊचं काम आहे.”

श्रावणने पाच तारखेची रजा आधीच टाकली होती. हे नंदलालला चार तारखेला कळले. म्हणजे नाव निकेशच पुकारणार होता.

पाच जूनला सकाळच्या बसने तो रुखमिणीला घेऊन आंधळगावला गेला. दामिनी तिथे दिलेली होती आणि जावई कैलाश घरीच माग चालवायचा. नंदलालने विचार करूनच ते घर निवडले होते. त्या ओळीत सहा घरांत माग होते, आणि सकाळी दहापासून एका खोलीतले बोलणे दुसऱ्या खोलीत ऐकू जात नसे. रुखमिणीला त्याने एवढेच सांगितले की लेकीला भेटून येऊ.

ती मागाच्या खोलीत, उंबऱ्याजवळ सूप घेऊन तांदूळ निवडत बसली. नंदलाल तिच्या समोर बसला. धोटा इकडून तिकडे जात होता, फणी आपटत होती. साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. शेजारच्या घरांतले माग एकेक करून थांबले; जेवायची वेळ होत होती. कैलाशचा चालू होता.

“आज नाई जेवाचं का?” दामिनीने आतून विचारले.

“चालू दे, जावाईबापू,” नंदलाल घाईने म्हणाला. “चांगला वाटते आवाज.”

“तुमाले चांगला वाटते मामाजी, माह्या पायाले विचारा,” कैलाश म्हणाला. तेवढ्यात धागा तुटला. त्याने पाय उचलले आणि टोके जुळवायला तो मागावर वाकला.

खोलीत काही ऐकू येत नव्हते. रुखमिणीचा हात सुपात थांबला. तिने मान वर केली, दाराकडे नाही, नंदलालच्या खांद्यावरून मागे पाहिले.

“ओ,” ती म्हणाली. “आली.”

नंदलालने घड्याळ पाहिले. अकरा बावन्न. कैलाशने धागा जोडला आणि माग पुन्हा सुरू झाला. रुखमिणी तांदूळ निवडू लागली. तिला बोलल्याचे आठवत असावे असे तिच्या चेहऱ्यावरून दिसत नव्हते. नंदलाल हलला नाही. बारा वाजून चार मिनिटांनी त्याच्या खिशातला मोबाइल वाजला.

“काकाजी, निकेश बोलून राहिलो. तुमी तं म्हणे काकू येत नाई. आल्या ना त्या! तिसऱ्या हाकेले ओ देल्ली, अंगठा देल्ला. सही येते ना जी त्याईले? म्या म्हटलं सही करा, तं काही बोलल्याच नाई. आणि जारमधलं पाणी संपवलं राजेहो सगळं. उन्हातून आल्या असतीन.” मागे कोणाशी तरी तो बोलला. “तं हजर लिवलं म्या. बेचाळीसच्या बेचाळीस झाले. निकाली काढतो ना?”

सूप बाजूला सारून रुखमिणी उठू पाहत होती आणि तिला उठता येत नव्हते.

“दामिनी,” ती म्हणाली, “पाणी दे वो माय.”

दामिनीने गडू आणून दिला. रुखमिणीने तो दोन्ही हातांनी धरून एका दमात संपवला. उजव्या अंगठ्यावर निळी शाई होती, ओली. गडूच्या पितळेवर तिचा ठसा उठला. दामिनीने दुसरा गडू भरून आणला, मग तिसरा.

“हॅलो? काकाजी?” निकेश विचारत होता.

रुखमिणीने रिकामा गडू पुन्हा पुढे केला.