नाव न घातलेली घागर

मी एक पितळी घागर. आज थोडं बोलते.

बातमी आली त्या सकाळी नंदनवनातल्या आमच्या मोहल्ल्यात नळ आला होता आणि देवळाची भांडी सांभाळणारी कांताबाई मला चिंचेनं घासत होती. दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी लग्न होतं. तेवढ्यात शेजारचे देवाजी सायकलवरून उतरले.

"तुळसाबाई गेली वं."

कांताबाईचा हात माझ्या पोटावरच थांबला. नळ वाहत राहिला.

आमच्या मोहल्ल्यात एक रीत आहे. मूल झालं की बारशाला त्याच्या नावाचं एक भांडं देवळाच्या कोठीत द्यायचं. लग्न असो की मयत, भांडी तिथूनच जातात. कोठीत सगळ्यांवर नाव आहे. माझाच गळा कोरा.

"ही कोणाची गा?" नवीन माणूस विचारी.

"गुप्तदान असंन."

"आपल्या मोहल्ल्यात? इथं तं लोक चमच्यावरही आज्यासकट नाव टाकतेत!"

पंगत हसे. पाणी वाढणारी तुळसाबाईही हसे.

मी तिच्या बाळाची. तिनं मला इतवारीच्या भांडेबाजारातून आधीच आणून ठेवलं होतं. बाळ बारशापर्यंत राहिलं नाही. तिनं मला तसंच कोठीत नेऊन ठेवलं, कोणी नसताना.

पुढे कधी मी तिच्या हाती आले, की भरण्याआधी ती माझ्या तोंडाशी वाकून एक नाव घेई. ते माझ्या आत गोल गोल फिरत राही, झोपेत दुरून कुणी हाक मारावी तसं. मग ती त्यावर हळूच पाणी सोडी.

त्या दिवशी तिच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी मीच नेलं.

तेरवी झाल्यावर तिचा नवरा, शालिकराम, मला छातीशी धरून इतवारीत गेला.

"हिच्यावर नाव टाकून दे गा."

कारागिरानं छिन्नी टेकवली. "बाईचं टाकू?"

"नाही. आमच्या लेकराचं."

"सांगा मग."

शालिकराम रस्त्याकडे बघत राहिला. "पोरगी होती," एवढंच म्हणाला.

मी रिकामी होते. ते नाव माझ्या आत फिरत होतं. मला त्याला ऐकवता आलं नाही. कारागिरानं छिन्नी उचलून घेतली.

आता कोठीत स्टील आलं आहे. मला क्वचितच बाहेर काढतात. कधी काढलंत, तर भरण्याआधी जरा कान लावा.

तुळसाबाईनं मुलीचं नाव ठरवलं होतं. शालिकरामनं ते तिला कधी विचारलं नाही.